फुलोऱ्याचा अंधार

शटर वर होतं. तिसऱ्या मजल्यावरचं, डावीकडून दुसरं. नेकाने रस्त्याच्या पलीकडे बेकरीसमोर काखेत पाव धरून उभी होती, आणि पहिल्या क्षणी तिला वाटलं, आपणच मजला चुकलो. तिनं खालून पुन्हा मोजलं. न्हाव्याचं दुकान, दंतवैद्याची पाटी, एन्कार्नाच्या कुंड्या आणि त्यावर आपलं घर. चूक नव्हती. शाळेच्या स्वयंपाकघरात आज गॅसची नळी गळायला लागली म्हणून सगळ्या बायकांना सकाळीच परत पाठवलं होतं, नाहीतर ती या वेळी कमरेला एप्रन बांधून दोनशे पोरांच्या मसुरीखाली जाळ करत उभी असती आणि हे तिला कधी दिसलंच नसतं. खिडकी सताड उघडी. खिडकीच्या कठड्यावर एक उशी उन्हाला घातलेली, आणि उशीच्या मागे, भर उजेडात, साऱ्या एरेन्तेरिया गावाला दिसावा असा हिरवा शेंडा. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोणी? कोणाची हिंमत झाली? बेकरीवाली आतून काहीतरी म्हणाली, बहुधा हवा छान पडलीय असं. नेकानेनं मान हलवली आणि गाडी येतेय का न बघताच रस्ता ओलांडला.

त्या खोलीत दिवस रात्री उगवायचा. मुलगी बर्लिनला गेली, परत येणार नाही हे तीन नाताळांनंतर उमगलं, तेव्हा तिची खोली नेकानेनं स्वतःसाठी मागून घेतली. मागून घेतली, हाच शब्द. लग्नाला तीस वर्षं झाल्यावर स्वतःच्या घरातली एक खोली तिला मागावी लागली. तिथं तिनं गांजाची चार झाडं लावली. इथल्या लाकडी शटरसारखा अंधार कुठल्या दुकानात विकत मिळत नाही. शटर वर ओढायचा पट्टा सोडला की सगळ्या पट्ट्या एकमेकींवर बसतात आणि भर दुपारी स्वतःचा हात दिसत नाही. संध्याकाळी आठला घड्याळ दिवा लावायचं, कारण रात्रीची वीज स्वस्त. सकाळी आठला दिवा विझायचा, मग ती दार ओढून घेऊन कामावर जायची आणि खोलीत रात्र व्हायची. झाडाला फुलोऱ्यावर आणायचं तर बारा तास अंधार लागतो, सलग, मध्ये एक चीर पडली तरी चालत नाही. त्या अंधारातच झाड ठरवतं की आता पानं पुरेत, आता फुलायचं. गांजा लावणाऱ्यांच्या मंडळातला म्हातारा चोमिन तिला पहिल्याच दिवशी म्हणाला होता, ‘‘अगं, दिवा कोणीही आणतं. अंधार राखायला जमतोय का बघ.’’ ते तिला जमलं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी असं जमलं की जे कोणाला वाढायचं नव्हतं, कोणाच्या तोंडात घालायचं नव्हतं. उतरलेल्या फुलांतलं निम्मं तेलात मुरायचं, भांडी उपसून सुजलेल्या तिच्या बोटांच्या सांध्यांना वर्षभर पुरायचं. उरलेलं रोज संध्याकाळी बाल्कनीत एकदा, एकटीनं, पाय कठड्यावर टाकून. बस. वर्षाची एवढीच मागणी होती तिची. रस्त्यावरून दिसलं तर दंड, न दिसलं तर कोणी विचारत नाही, हा इथला रिवाज सगळ्यांना पाठ. म्हणजे शटर खाली असणं ही काही हौस नव्हती.

पण शटर खाली असलं की लोकांना खुपतं. या गल्लीत सकाळी उठून पहिलं काम म्हणजे शटर वर, खिडक्या सताड, गाद्या कठड्यावर, मग पाऊस असो नाहीतर बर्फ असो. दिवसा शटर खाली म्हणजे घरात कोणीतरी गेलं, किंवा घराला काहीतरी लपवायचंय. गोत्सोन, तिचा नवरा, दोन-तीनदा म्हणालाही होता, हळू आवाजात, तो सगळं हळूच बोलतो, ‘‘नेकाने, लोक विचारतात गं, कोण गेलं म्हणून. मला कसंतरी होतं.’’ कसंतरी होतं म्हणे! पायऱ्या चढताना तिला तो आवाज आठवला आणि तिनं कठड्यावर हात आपटला. लिफ्ट वर अडकलेली होती, आणि वाट बघायला धीर कुणाला होता? माणसाला उजेडात आणणाऱ्यांनी तिचं अख्खं आयुष्य पिडलं होतं. आईनं पिडलं, नणंदांनी पिडलं. सगळे शहाणे, सगळे मायाळू, सगळे दार न वाजवता आत येणारे. आणि आत आले की खायला घालणारे. शाळेत ती स्वतःही तेच करायची, पगारच त्याचा होता. पोरानं ताट पुसून खाल्लंच पाहिजे. एकदा एका मुलीला मासा नको होता आणि देखरेखीची बाई म्हणाली, संपल्याशिवाय उठायचं नाही. ती मुलगी अख्खी दुपार त्या ताटासमोर बसून होती आणि नेकाने भांडी घासत होती, काही बोलली नाही. नंतर झाडांनी तिला शिकवलं. वाढीच्या दिवसांत नत्र मागतात, द्यावं. फुलोऱ्यावर आली की नत्राचा हात आखडायचा, स्फुरद आणि पालाश द्यायचं, तेही बेतानं, नाहीतर पानांची टोकं जळतात आणि झाड चिमटा बसल्यासारखं पानं नखांसारखी वळवून घेतं. शेवटी शेवटी तर नुसतं पाणी. मोठी पानं पिवळी पडतात तेव्हा बघणाऱ्याचा जीव खालीवर होतो, आणि तिथंच हात बांधून बसायचं असतं. पान स्वतःची साठवण फुलाला देऊन टाकत असतं. ते उपाशी नसतं. तिला पहिल्या वर्षी हे कळलं तेव्हा ती त्या खोलीत जमिनीवर बसून राहिली होती, कारण कोणाला तरी न वाढणं हे सुद्धा राखणं असू शकतं हे तिला पन्नाशी उलटेपर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावर ती दम खायला थांबली आणि रविवार आठवला. आठवला म्हणजे अंगावर आला. फुलोऱ्याचा पाचवा आठवडा, आणि दिव्याखाली तिला फुलांच्या मधून ते दिसले, बारीक पिवळे कोंब, केळ्यासारखे वाकडे. नर कोंब. झाडाला कुठेतरी धसका बसला की ते मादी फुलांतच नर काढतं, स्वतःचंच परागण करून घेतं, जाता जाता बी तरी टाकून जावं म्हणून. मग फुलं बियांनी भरतात आणि जे हवं ते राहत नाही. तिचं डोकं चालेना. खत जास्त झालं? घड्याळ बिघडलं? दिव्याची आच? तिनं घड्याळ सोडून पुन्हा बसवलं, दाराच्या फटीला काळी पट्टी लावली. गोत्सोनला खोलीत बोलावून तिनं ते कोंब दाखवले. त्यानं चष्मा लावून बघितलं. तिच्या पाठीवरून हात फिरवला. ‘‘नसेल जमत गं,’’ तो म्हणाला. ‘‘वय झालं आपलं. एवढं मनाला लावून घेऊ नकोस. या वेळचं होऊ दे, मग बंद कर. नाहीतरी आमाला ऊन लागतं.’’ आमा म्हणजे त्याची आई, फेलिसा. मांडीचं हाड मोडल्यापासून ती त्यांच्याकडेच होती आणि इमारतीच्या मधल्या हवेच्या चौकाकडे उघडणाऱ्या आतल्या खोलीत झोपायची, जिथं उजेड म्हणजे समोरच्या भिंतीवरून ओघळलेला. नेकानेनं तेव्हाच सांगितलं होतं, आपली दर्शनी खोली आमाला देऊ, आपण दोघं आत जाऊ, आपल्याला काय, पाठ टेकण्यापुरती तर खोली हवी. गोत्सोन म्हणाला, मला हवेशिवाय झोप लागत नाही, माझी पाठ, माझी गादी. आणि रविवारी रात्री त्यानं तिला झोप लागावी म्हणून कॅमोमिलच्या फुलांचा चहा करून आणून दिला होता. ती मोरीत जाऊन रडली होती. आपल्याच हातात काहीतरी वाईट आहे, आपण धरलं की जातं, असं म्हणत.

दार उघडल्यावर घरभर ऊन होतं. त्या खोलीचं दार भिंतीला टेकवून उघडं, पुढ्यात चपलेची पाचर. आणि आत चार झाडांच्या मधोमध, खिडकीपाशी, खुर्चीत फेलिसा बसलेली. मांडीवर जाड पिवळं कापड, तोंडात दोरा. मोतीबिंदू काढल्यापासून ती पुन्हा सुईत दोरा ओवायला लागली होती आणि ते ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची.

‘‘आमा!’’

फेलिसा दचकली, पण हसली. ‘‘तू? आज पोरांना उपाशी ठेवलंस काय? ये, बघ, ऊन कसं आलंय.’’

‘‘शटर कोणी वर केलं?’’

‘‘कोणी म्हणजे? मी. दुसरं कोण आहे घरात?’’

‘‘आमा, तुम्हाला किती वेळा सांगितलं मी? या खोलीचं दारसुद्धा उघडायचं नाही दिवसा! हात जोडून सांगितलं होतं! अहो, वर्षाचं सगळं याच्यावर आहे माझं, यांना अंधार लागतो, एक चीर चालत नाही, आणि तुम्ही खुर्ची टाकून बसलात? वर उशी वाळत? सगळ्या गल्लीला दाखवायला?’’

फेलिसानं सुई कापडात खोचली. तिचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला. ती काही गरीब गाय नव्हती. ‘‘ओरडू नकोस माझ्यावर. ही एवढी पिवळी पडलीत बिचारी, अंधारात कोंडून उपाशी मारतेस, त्यांचं काही नाही. आणि मला सांगतेस अंधार लागतो? अंधार काय असतो ते मला विचार. आमचा दादा खाणीत मेला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आमच्या आईनं सगळी शटरं खाली केली ती दोन वर्षं. दोन वर्षं! जत्रेची वाजंत्री मी फटीतून ऐकली. शिवण शिकले ती दाराखालून येणाऱ्या उजेडाच्या पट्टीत. तेव्हाच ठरवलं, मी मेले तरी माझ्या हातानं शटर खाली करायची नाही.’’

‘‘म्हणून माझं वर करायचं?’’

‘‘म्हणून नाही. मला काय वेड लागलंय? तुझ्या नवऱ्यानं सांगितलं म्हणून.’’

नेकानेला आधी ते नीट ऐकूच आलं नाही. खाली कोणीतरी दुचाकी चालू करत होतं आणि ती चालू होत नव्हती.

‘‘काय सांगितलं?’’

‘‘हेच. की सकाळी नेकाने गेली की उघड, बस उन्हात, बघ आवडते का खोली. तुझीच व्हायचीय. मी म्हटलं, तिला विचारलंस का? तर म्हणाला, तिला माहीत आहे, ती हो म्हणालीय, पण हळवी होते, विषय काढू नकोस.’’ फेलिसानं मांडीवरचं कापड उचलून दाखवलं. ‘‘माप त्यानंच घेतलं. पडद्याचं.’’

पडदा त्या खिडकीचाच होता. लांबी तीच, रुंदी तीच, वरच्या काठाला कड्यांसाठी भोकंसुद्धा करून झाली होती. नेकाने त्या भोकांकडे बघत राहिली. ‘‘किती दिवस?’’

‘‘महिना झाला असेल. मोजतंय कोण?’’

‘‘आणि मी यायच्या आत पुन्हा बंद? शटर खाली करायला तुमचा तर हात होत नाही म्हणता.’’

‘‘माझा नाहीच होत. अडीचला गिरणीतून आला की तोच करतो. उशी आत, खुर्ची जागेवर, शटर खाली.’’ आणि मग फेलिसा बोलायची थांबली, कारण बोलता बोलताच तिला ते ऐकू आलं असावं. खुर्ची जागेवर. ती हळू म्हणाली, ‘‘मला वाटायचं, तुझी झाडं झोपायची वेळ झाली म्हणून.’’

म्हणजे त्यानं रविवारी चष्मा लावून जे बघितलं ते स्वतःच्याच हातचं होतं. पाठीवरून जो हात फिरला तोच हात रोज अडीचला पट्टा सोडत होता. नसेल जमत गं. वय झालं. नेकानेनं जवळचं फूल धरून नखानं फोडलं. आत कोवळं, हिरवट, ओलसर बी. दुसरं फोडलं. त्यातही. हात लावेल तिथं बी. तिला ओरडायचं होतं पण ओरडायला तिथं जो हवा होता तो नव्हता. तो गिरणीत कागदाच्या गुंडाळ्या मोजत उभा असेल, साळसूद, सगळ्यांचा लाडका, कधी कोणाला चढ्या आवाजात न बोललेला. तीस वर्षं लोक तिला म्हणत आले, नशीबवान आहेस बाई, तोंडातून शब्द निघत नाही त्याच्या. शब्द नाहीच निघत. त्यानं कधी नाही म्हटलं नाही आणि तिचं काही होऊही दिलं नाही. शिवणाचा वर्ग लागला तेव्हा त्याची पाठ धरली. बहिणीकडे जायचं ठरलं तेव्हा गाडी बिघडली. किती गोष्टी अशा, आपल्याच हातून निसटल्या असं समजून तिनं स्वतःलाच बोल लावून घेतले, आणि त्या प्रत्येक वेळी कॅमोमिलचा चहा आला होता! त्यापेक्षा त्यानं कानाखाली वाजवली असती तर ती त्याच दिवशी बॅग भरून गेली असती. हा माणूस तिला उजेडात बसवून, पोटभर वाढून, थोडी थोडी बिघडवत आला आणि वर म्हणाला, नसेल जमत गं.

‘‘मेली का गं ती?’’ फेलिसानं विचारलं. झाडांबद्दल.

‘‘नाही मरत. कामाची नाही राहिली.’’

‘‘माझ्यामुळे.’’

‘‘तुमच्यामुळे नाही, आमा.’’ तिचा आवाज फाटला. ‘‘खरंच नाही. तुम्हाला तर त्यानं पाचर म्हणून वापरलं.’’

फेलिसानं पडद्याची नीट घडी घातली, घडीवर हात फिरवला आणि ती खाली जमिनीवर टाकून दिली. एक्याऐंशी वर्षांच्या बाईनं, जी चिंधीसुद्धा टाकत नसे.

नेकानेनं उशी आत ओढली, खिडकी लावली, पट्टा सोडला. सवयीनं, आता त्याचा काही उपयोग नव्हता हे तिला माहीत होतं. पट्ट्या खडखडत खाली आल्या, एकमेकींवर बसल्या आणि झाडं दिसेनाशी झाली, फक्त त्यांचा तो उग्र, लिंबासारखा वास राहिला. ती त्या काळोखात क्षणभर उभी राहिली. आणि मग तिला वाटलं, एवढंच का? लोक विचारतात, कसंतरी होतं, नाही का? विचारू देत. ती दर्शनी खोलीत गेली. त्याची गादी, त्याची पाठ, त्याची हवा. तिनं त्याची उशी आणि पायजमा उचलून आतल्या खोलीतल्या कॉटवर नेऊन टाकला आणि आमाची गोधडी इकडे आणली. मग तिथलं शटर सोडलं. मग बैठकीतलं मोठं, जे सोडताना अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. धाडकन. बाल्कनीचं. धाडकन. भर सकाळी, स्वच्छ उन्हात, तिसऱ्या मजल्याचा एकेक डोळा मिटत गेला, आणि प्रत्येक पट्टा हातातून सरसरत जाताना तिच्या सांध्यांतून कळ उठत होती आणि ती कळ तिला बरी वाटत होती. ती रडत नव्हती. तिला इतका राग आला होता की रडायला त्यात जागाच नव्हती.

स्वयंपाकघराचं तेवढं राहिलं. ती दारात आली तर फेलिसा तिथं खिडकीपाशी काठीवर रेलून उभी होती, उन्हाच्या शेवटच्या चौकोनात, एक हात पट्ट्यावर.

‘‘राहू द्या, आमा. ते एक असू दे तुम्हाला.’’

‘‘गप बस,’’ फेलिसा म्हणाली. तिनं बाहेर एकदा बघून घेतलं, समोरच्या गच्चीवरचे कपडे, डोंगराचा तुकडा, जे असेल ते. मग डोळे मिटले आणि पट्टा सोडला.

काळोखात दोघी टेबलाशी बसल्या. नेकानेनं चाचपडत पावाचा तुकडा मोडून तिच्याकडे सरकवला, मग थांबली, आणि विचारलं, ‘‘हवाय का?’’

‘‘नको. तू विचारलंस हेच पुष्कळ.’’

एवढ्यात खालून हाक आली. एन्कार्ना. कुंड्यांना पाणी घालता घालता तिनं मान वर केली असणार. ‘‘नेकाने! अगं नेकाने! काय झालं गं? सगळी शटरं खाली! अगं बाई, कोण गेलं?’’ पलीकडच्या खिडकीतूनही कोणीतरी विचारलं, आणि बेकरीवालीचा आवाज, आणि कोणीतरी म्हणालं, म्हातारी असेल, बिचारी.

नेकाने उठायला लागली. फेलिसानं टेबलावरून तिचं मनगट धरलं, सुजलेल्या सांध्यांच्या जरा वर, दुखणार नाही असं. मग काठी टेकत ती खिडकीशी गेली, शटरच्या पट्ट्यांना तोंड लावलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली,

‘‘अजून कोणी नाही गं, एन्कार्ना. अडीचला माझा मुलगा यायचाय.’’